साडेएकोणपन्नास

त्र्यंबक रोडला टायरवाल्याच्या वरती माझं दुकान.
पाटी रंगवायची राहून गेली.
ज्यांना यायचं ते येतात, पिशवीत तुटक्या तारांची रॅकेट घेऊन,
आणि हरलेला माणूस जिना कसा चढतो ते मला ऐकू येतं:
पाय उचलत नाही, घसटतो.

शाल्मली निमसे जानेवारीत आली, सहा रॅकेटी.
"सगळ्यांचं गटिंग बावन्नवर, काका."
सातपूरला बावीस वर्षं मी लेथवर होतो.
कंपनी गेली, हात राहिले.
बावन्न म्हणजे बावन्न.

ही दुसऱ्या फळीची पोरगी. टीव्हीवर येत नाही.
मोबाइलवर असते, एक हिरवा ठिपका आणि दोन आकडे,
माझ्या ओट्यावर, कुकरशेजारी.
चाळीस-तीस. चाळीस-चाळीस.
मग बराच वेळ काहीच हलत नाही
आणि कळत नाही, नेट गेलंय की तिचा धीर.

परत आली की मी विचारत नाही.
दात घासायच्या जुन्या ब्रशने फ्रेमची भोकं साफ करतो,
खाली पेपर अंथरलेला:
मार्चमध्ये विटकरी माती, तुर्कस्तानची.
मेमध्ये करडी भुकटी, गाव मला उच्चारता येत नाही.
जूनमध्ये माती नाहीच,
नुसता मुठीच्या पट्टीवर घामाचा पांढरा खार.
एकाच रॅकेटीची तार गेलेली असली, तर पहिली फेरी.
चार गेलेल्या असल्या
तर मी खाली जाऊन पावशेर जिलबी आणतो.
वर्षात दोनदा आणली.

कापलेल्या तारा टाकवत नाहीत.
बायकोने त्यांचा मांडव केला गच्चीत,
आता दोडका चढतोय त्यावर.
शेजारचे विचारतात, नायलॉन कुठून आणलंत?

ऑगस्टमध्ये तिने माझ्याच वहीत हिशेब मांडला, पेन्सिलीने.
तिकीट. व्हिसा. कझाकस्तानच्या अयगुलबरोबर वाटून घेतलेली खोली.
कर कापून हातात आलेलं.
खालची रेघ ओढली नाही.
"पहिल्याच फेरीत गेले ना,
की त्या आठवड्यात तुम्ही माझ्यापेक्षा जास्त कमावता."
हसली. मी अडीचशेचे दोनशे म्हणालो.
तिने अडीचशेच ठेवले, सुट्टे, मोजून.

सप्टेंबरमध्ये: पन्नास करा.
ऑक्टोबरमध्ये, खिडकीकडे बघत: अठ्ठेचाळीस.
तार सैल केली की बॉल थोडा आपणहून जातो,
खांद्याला कमी विचारतो.
कोचला माहीत नव्हतं. घरी तर नाहीच.
तिचे वडील पिंपळगावहून द्राक्षांच्या पेट्या सोडून येताना
वर डोकावले. "कशी काय चाललीय?"
"सर्व्हिस चांगली पडतेय," मी म्हणालो,
आणि मशीनला तेल घालत बसलो. त्याला तेल लागत नाही.

डिसेंबरात स्पर्धा नाशिकलाच.
सकाळी नऊला थंडी अशी की बॉल दगडासारखा वाजतो.
खुर्च्या दोनशे, माणसं एकवीस,
त्यातले पाच निमसे.
समोर नेमकी अयगुल.
तिसऱ्या सेटमध्ये चार-पाच, आणि बॉल उडायला लागले,
वीतभर बाहेर, पुन्हा वीतभर बाहेर.
तो वीतभर माझ्याकडे होता.
मी मांडीवर हात दाबून बसलो.
नेटपाशी दोघींनी एकमेकींना धरलं, जरा जास्तच वेळ.
कोण कोणाला सांभाळतंय, लांबून कळेना.

दुसऱ्या दिवशी जिना वाजला.
घसटत नव्हता.
सहाही रॅकेटी टेबलावर.
"शुक्रवारी रात्री निघतेय. खांदा डॉक्टरला दाखवला,
घरीही सांगितलं. बाबा दोन तास बोलले नाहीत."
मी कात्री शोधली.
"किती करू?"
वर्षभरात पहिल्यांदा तिने आकडा सांगितला नाही.
"तुम्हीच सांगा."

खाली कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.
ते थांबेपर्यंत मी थांबलो.
"साडेएकोणपन्नास."
"अर्धा? अर्ध्याने काय होतं, काका?"

सातपूरला अर्ध्याने
अख्खा लॉट परत यायचा.
मी पहिली रॅकेट मशीनवर चढवली.